लेह राहिलं, चंद्रभागा भेटली

"काय गं, पँगाँग बघितलं का?" लडाखच्या वाटेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. २००९ साली आलेल्या 'थ्री इडियट्स' सिनेमाच्या शेवटी तो निळाशार तलाव दिसला आणि तेव्हापासून घरोघरी सगळ्यांनाच तो एकदा बघायचा असतो. मलाही होता. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको आमची गाडी घेऊन संभाजीनगरहून निघालो, ते त्याच्याचसाठी. पण मैत्रिणींनो, पँगाँग आम्ही बघितलं नाही. लेहसुद्धा नाही. अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलो. लोक हळहळतात, "अरेरे, एवढं जाऊन फुकट गेलं!" म्हणतात. फुकट गेलं की नाही, ते तुम्हीच ठरवा. म्हणून ही हकिगत.

आमच्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. हे वाळूजच्या एका कारखान्यात. शिफ्टची नोकरी, घरात सासूबाई, दोन मुलांच्या शाळा, क्लास, परीक्षा. लग्नानंतर तीन दिवस महाबळेश्वरला गेलो होतो, दोघांनीच फिरण्याचं काय ते तेवढंच! पुढे तुळजापूर झालं, शिर्डी झाली, नात्यातली लग्नं झाली. पण दोघंच असे कुठे नाही. लेक नोकरीला पुण्याला गेली, मुलगा होस्टेलवर गेला आणि घर एकदम शांत झालं. मग लक्षात आलं, की गॅस सिलिंडर, लाईट बिल आणि आईंच्या गोळ्या सोडून आम्हाला बोलायला विषयच राहिला नाही. एका रात्री जेवताना हे अचानक म्हणाले, "गाडीनं लेहला जायचं का?" मला वाटलं, थट्टा करताहेत. पण यांनी रजेचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता!

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. बचत गटांच्या कामासाठी मला फुलंब्रीकडे, खुलताबादकडे जावं लागतं. दर वेळी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करायच्या, नाहीतर एसटीची वाट बघत उभं राहायचं, याचा कंटाळा आला होता. लायसन्स मिळालं, गाडी हातात बसली. पण हे शेजारी असले की माझ्या हातापायांतलं बळच जायचं. "क्लच, अगं क्लच सोड! ब्रेक! तिकडून रिक्षा येतेय, दिसत नाही का?" शेवटी न बोलता एक नियम होऊन गेला. दोघं बरोबर असलो की गाडी यांनी चालवायची आणि मी डावीकडे बसून टोलचे सुटे पैसे, पाण्याची बाटली आणि सोललेलं संत्रं द्यायचं. लेहलाही मी याच जागेवर बसून निघाले.

तयारी मात्र जोरात झाली. गटातल्या बायकांनी दोन दिवस टिकतील असे धपाटे करून दिले, शेंगदाण्याची चटणी दिली, थालीपिठाची भाजणी दिली. मी लहान कुकर घेतला. कोरोनाच्या वेळी घेतलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कपाटात पडून होता, तोही पिशवीत टाकला. डॉक्टरांकडे जाऊन आलो. यांना थोडं ब्लड प्रेशर आहे. डॉक्टरांनी सगळं तपासून उंचीवरच्या त्रासासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि मनालीहून वर निघायच्या आदल्या दिवसापासून त्या सुरू करायला सांगितलं. मी वहीत मुक्काम लिहून काढले. मनालीत दोन, त्यानंतर जिस्पाला दोन, मग पुढे. जिस्पा हे लाहौल खोऱ्यातलं छोटं गाव, उंची सुमारे ३,२०० मीटर. तिथे शरीराला सवय होऊ द्यायची आणि मगच वरच्या खिंडी ओलांडायच्या, असं सगळेच सांगतात.

पहाटे पाचला निघालो. खुलताबादला भद्रा मारुतीला हात जोडले, वेरूळवरून घृष्णेश्वराचा कळस बघितला, कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगाव, पुढे धुळे. शिरपूरनंतर बिजासनचा घाट चढला की महाराष्ट्र मागे पडतो. खलघाटला नर्मदा आली तेव्हा गाडी हळू करायला लावून मी खिडकीतून नमस्कार केला. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा ग्वाल्हेर. मध्य प्रदेशातल्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर यांची कंबर भरून आली, म्हणून चाळीसेक किलोमीटर मी चालवली. सगळा वेळ हे खिडकीच्या वरची कडी धरून बसले होते! मुरैनाच्या पुढे चंबळ लागली. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी, घळीत घळ. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. पण खरं सांगू? त्या तीन दिवसांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं गेल्या तीन वर्षांत बोललो नव्हतो. लग्नात कुणी काय दिलं इथपासून यांच्या कारखान्यातल्या राजकारणापर्यंत!

तिसरा मुक्काम पानिपत. मराठी माणूस त्या रस्त्यानं जाईल आणि तिथे थांबणार नाही, असं कसं होईल? १४ जानेवारी १७६१ चं ते युद्ध. आपण शाळेत शिकलो, 'संक्रांत कोसळली' असं आजही म्हणतो. काला आंब म्हणतात तिथे स्मारक आहे. आजूबाजूला शेतं, झाडांची सावली, अगदी शांत. मराठी फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, हे मला माहीत होतं. पण तिथे उभं राहिल्यावर मनात आलं, त्या बायकांना कुणी विचारलं असेल का, की पुढे जायचं की परत फिरायचं? मी ते बोलून दाखवलं. हे म्हणाले, "लढाईत असं विचारत बसतात का?" मी गप्प बसले. तेव्हा त्या बोलण्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

पुढे अंबाला, किरतपूर. डोंगर सुरू झाले आणि एकामागून एक बोगदे लागले. मंडीपासून बियास नदी सोबतीला आली. जुलै २०२३ मध्ये या नदीला मोठा पूर आला होता. वर्ष होत आलं तरी त्याच्या खुणा जागोजागी होत्या. कुठे अर्धा रस्ताच खचून गेलेला, कुठे काठावरच्या इमारतीचा नुसता सांगाडा. मनालीत पोचलो तेव्हा थंडगार वारा, देवदाराची झाडं आणि समोर बर्फाची शिखरं. आपल्याकडे त्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर चालू होते. इथे मात्र रस्त्याच्या कडेनं पाणीच पाणी. बघून आनंदही होत होता आणि पोटात कालवतही होतं.

मनालीतल्या दुसऱ्या रात्री यांनी नकाशा काढला. "हे बघ, बोगदा झाल्यापासून सरचू एका दिवसात होतं. जिस्पाचे दोन दिवस कशाला घालवायचे? ते दोन दिवस पँगाँगला राहू." मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना..." "डॉक्टर सांगतातच. मला काय झालंय?" गोळ्यांचं पाकीटही तसंच बंद होतं. सरचू म्हणजे सुमारे ४,३०० मीटर. आपलं सगळ्यात उंच कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरचं. तशी अडीच कळसूबाई एकावर एक ठेवली तरी सरचू वरच राहील. मला हे सगळं माहीत होतं. मी वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं. तरीही मी पुन्हा बोलले नाही. प्रवासात वाद नको, यांचा मूड जायला नको. ही सवय आपल्याला किती लहानपणापासून लागलेली असते, नाही का?

सकाळी अटल बोगद्यात शिरलो. लांबी ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला. त्याआधी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांगची खिंड ओलांडावी लागे. हिवाळ्यात ती बर्फानं बंद झाली, की पलीकडचं लाहौल खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला हेलिकॉप्टर येण्याची वाट बघावी लागे. बोगद्यानं ४६ किलोमीटरचा फेरा आणि चार-पाच तास वाचवले. तिथल्या बायकांना विचाराल, तर त्या बोगद्याला हात जोडतील. पण आपल्यासारख्या खालून येणाऱ्यांसाठी त्यात एक गोमही आहे. रस्ता लवकर वर नेतो, शरीर मात्र आपल्या चालीनंच चढतं.

बोगद्यातून बाहेर पडलो आणि हिरवे डोंगर संपून एकदम करडे, उघडे, प्रचंड पहाड समोर उभे राहिले. त्यांच्या पायथ्याशी बटाट्याची आणि मटारची शेतं, मधून वाहणारी चंद्रा नदी. तांडीला वरून येणारी भागा नदी चंद्रेला मिळते. "अहो, पाच मिनिटं थांबू या ना," मी म्हटलं. "येताना बघू, उशीर होतोय." तिथल्या पंपावर टाकी भरली आणि निघालो. केलांग गेलं, जिस्पा गेलं. दारच्याच्या पुढे झाडंही संपली. आता फक्त दगड, बर्फ आणि आकाश. डोंगरांचे रंग तरी किती! तांबूस, जांभळट, शेवाळी, राखाडी. वळणावळणानं चढत सूरजताल आलं. अर्धं गोठलेलं, अर्धं निळं. त्याच्या वरच बारालाच्याची खिंड, ४,८०० मीटरहून उंच. जूनमध्येही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीहून उंच बर्फाच्या भिंती होत्या. आम्ही खाली उतरून फोटो काढले, लहान मुलांसारखे बर्फाचे गोळे फेकले. हे हसत होते. इतकं मोकळं हसताना यांना मी खूप वर्षांनी बघितलं.

सरचूला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. विस्तीर्ण माळ, खाली नदी आणि वाऱ्यानं फडफडणारे तंबू. यांचं डोकं दुखायला लागलं होतं. मी खिचडी लावली. पाणी चटकन उकळलं, पण डाळ काही शिजेना. त्या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे कुकर नसेल तर डाळ कच्चीच राहते. कुकर लावला, खिचडी झाली, पण यांनी दोन घासही खाल्ले नाहीत. "झोपतो, सकाळी बरं वाटेल." दहाच्या सुमाराला उलटी झाली. बारा वाजता पुन्हा. ऑक्सिमीटर लावला, माझा ऐंशीच्या घरात आणि यांचा अडुसष्ट. कोरोनात तो आकडा बघितला असता तर हंबरडाच फोडला असता. इथे उंचीमुळे आकडा थोडा कमी येतो हे ठाऊक होतं, पण इतका नाही.

तंबूंची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना उठवलं. चाळिशीच्याच असतील. त्यांनी ऑक्सिजनचं नळकांडं आणलं, यांना मास्क लावला आणि मग यांना धरून उभं केलं. "साहब, सीधी लाइन में चलकर दिखाओ." हे चार पावलं टाकली आणि दारू प्यायल्यासारखे कलंडले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "दीदी, इनको नीचे ले जाओ. रुकना मत." उंचीवर डोकं दुखणं, मळमळणं हा पहिला टप्पा. माणसाचा तोल जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुटला, की ते जिवावरचं असतं आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. हे मी वाचलं होतं. पण सरचूची अडचण अशी की दोन्ही बाजूंना उंच खिंडी. खाली जायचं तरी आधी बारालाच्या चढायलाच हवा.

यांनी मान हलवली. "मी चालवतो. सकाळी. तुला जमणार नाही... घाट आहे." शब्द अडखळत होते. आणि मैत्रिणींनो, तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी यांना म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. किल्ली कुठंय?" मी म्हटलं खरं, पण माझे हात थरथरत होते. अंधारात निघायची सोय नव्हती, ओढ्यांचं पाणी रस्त्यावर गोठलेलं असतं. जेमतेम दिसायला लागेपर्यंत यांना ऑक्सिजनवर ठेवलं. यांचा हात हातात धरून मी ते दीड-दोन तास काढले. मुलांना फोन करावा म्हटलं तर फोनला रेंज नाही. सगळे देव आठवले.

पावणेपाचला फटफटलं. बाईंनी ऑक्सिजनचं नळकांडं गाडीत ठेवून दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, नळकांडं खाली ओळखीच्या ढाब्यावर ठेवा, तेवढं बस. मनालीकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याला त्यांनीच थांबवलं. तो पन्नाशीचा सरदारजी. "बहनजी, गाड़ी मेरे पीछे रखना. जहाँ मैं धीरे, वहाँ आप धीरे." बस्स, इतकंच. मी उजवीकडे बसले. सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला लावला. हे डावीकडे, तोंडाला मास्क, डोळे मिटलेले. 'क्लच' म्हणायलाही कुणी नव्हतं.

त्या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी काही बघितलंच नाही. मला दिसत होते फक्त ट्रकचे दोन लाल दिवे. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. ओढ्यातले दगड, खाली खडखडणारं बर्फाचं पाणी. सकाळी बर्फ वितळलेलं नसतं म्हणून पाणी कमी असतं, तेच दुपारी चाकभर चढतं, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. खिंडीच्या माथ्यावर यांनी एकदा डोळे उघडले आणि "कुठं आलो?" विचारलं. काल ज्या भिंतीपाशी आम्ही बर्फाचे गोळे फेकले होते, तीच जागा. "आता उतरणच आहे," मी म्हटलं. पण उतरणीत तर माझी खरी परीक्षा होती. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गिअरमध्ये उतरायचं, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी औट्रम घाटाचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. ते शब्द एखाद्या मंत्रासारखे म्हणत राहिले.

दारच्याला पोचलो आणि हे सरळ बसले. जिस्पाला यांनी पाणी मागितलं. माझ्या डोळ्यांतून तेव्हा जे पाणी वाहायला लागलं ते थांबेना. गाडी बाजूला घ्यावी लागली. सरदारजीनं हॉर्न दिला, हात हलवला आणि तो पुढे निघून गेला. ना त्याचं नाव कळलं, ना गाव.

केलांग हे लाहौल-स्पितीचं जिल्ह्याचं ठिकाण, सुमारे ३,१०० मीटरवर. तिथल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी यांना ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. मला म्हणाल्या, "आपने सही समय पर फैसला लिया." दुसऱ्या दिवशी सकाळी हे पलंगावर उठून बसले. चहा प्यायले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "उतरणीला तू दुसऱ्या गिअरमध्येच ठेवलीस ना?" मी म्हटलं, "हो." "बरोबर केलंस." तेवीस वर्षांत माझ्या गाडी चालवण्याचं झालेलं हे पहिलं कौतुक! आणि मग हळूच, "जिस्पाला थांबायला हवं होतं. तू म्हणत होतीस." मला 'बघा, मी सांगितलं नव्हतं?' म्हणायचं होतं. पण मला वहीतलं ते पान आठवलं. मी तरी दुसऱ्यांदा कुठे सांगितलं होतं? चूक दोघांची होती. यांची न ऐकण्याची आणि माझी न बोलण्याची.

तिसऱ्या दिवशी यांना बरं वाटायला लागलं तशी लेहची गोष्ट परत निघाली. रजा शिल्लक होती, पैसे शिल्लक होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी पुन्हा वर जाऊ नका. यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू ठरव." आता तुम्हाला वाटेल, मी लगेच 'परत फिरू' म्हटलं असेल. नाही हो! पँगाँगच्या काठावर बसून चहा प्यायचं स्वप्न मी पंधरा वर्षं बघितलं होतं. त्या रात्री मी गुपचूप रडलेसुद्धा. दुसऱ्याच्या हट्टापायी जाऊ नये म्हणणं सोपं. आपलीच हौस आपण नाकारणं फार अवघड. सकाळी मी सांगितलं, "वर जायचं नाही. पण चार दिवस इथेच राहायचं."

ते चार दिवस आमच्या लग्नातले सगळ्यात सुंदर दिवस. केलांगच्या समोर, भागा नदीच्या पलीकडे कारदंगचा जुना बौद्ध मठ आहे, तो बघितला. शेतांमध्ये बायका निंदणी करत होत्या. वरच्या बर्फाचं पाणी पाटांनी शेतात आणतात, त्या पाटाला ते कूल म्हणतात. हिमाचलात गावोगाव महिला मंडळ असतं. एका मंडळाच्या खोलीत मी दोन दुपारी बसले. तिथे लोकरीचे मोजे विणत होत्या, रंगीत नक्षीचे. लाहौलच्या या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे, आपल्या पैठणीला आहे तसंच. मी माझ्या गटाबद्दल सांगितलं, त्यांनी त्यांच्या. माल विकताना दलाल मध्ये किती खातो, हा प्रश्न तिथेही हुबेहूब आपल्यासारखाच निघाला! हे बाहेर ओट्यावर बसून एका आजोबांकडून बर्फाच्या दिवसांच्या गोष्टी ऐकत होते.

परत निघालो तेव्हा तांडीला थांबलो. या वेळी मला सांगावं लागलं नाही. संगमावर दोन पाणी मिळतात आणि तिथून पुढे त्या नदीचं नाव चंद्रभागा. पुढे गेल्यावर तीच चिनाब. चहावाल्या काकूंनी तिथली लोककथा सांगितली. चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा हा सूर्याचा मुलगा. दोघांचं प्रेम होतं. दोघंही बारालाच्याच्या माथ्यावरून दोन बाजूंना निघाले आणि तांडीला भेटायचं ठरलं. चंद्रा चपळ, ती आधी पोचली. भागा अरुंद घळींमध्ये अडखळला, त्याला उशीर झाला. तिला काळजी वाटायला लागली आणि ती त्याच्या शोधात उलट निघाली, तोच तो समोरून येताना दिसला. काकू सांगत होत्या आणि हे माझ्याकडे बघून हसत होते. "म्हणजे उशीर नेहमी आम्हालाच होतो म्हण की!"

मी बाटलीत ते पाणी भरून घेतलं. परतीच्या वाटेवर गाडी आम्ही वाटून चालवली. दोन तास हे, दोन तास मी. हे डावीकडे बसून संत्री सोलत होते. एकदा तोंडातून "क्लच..." निघालं, लगेच स्वतःच जीभ चावली!

घरी पोचलो तेव्हा पैठणहून नाथांची पालखी निघायचे दिवस जवळ आले होते. सासूबाईंनी आयुष्यभर वारी केलेली, आता गुडघ्यांमुळे जमत नाही. त्यांनी विचारलं, "कसं होतं गं लेह?" मी म्हटलं, "आई, लेह नाही बघितलं. चंद्रभागा बघितली." त्यांना वाटलं, मी पंढरपूरच म्हणतेय. मग सगळी हकिगत सांगितली. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा आणि ही हिमालयातली, दोन्ही वेगळ्या. पण सासूबाईंना तो फरक काही वाटला नाही. त्यांनी बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावलं, थोडं तुळशीला घातलं आणि यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बायकोचं ऐकलं म्हणून आलास घरी."

तुमच्यापैकी कुणी त्या वाटेला जाणार असाल तर एवढंच सांगते. ३,००० मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घ्यायच्या ठरल्या तर खरंच घ्या, पाकिटात ठेवू नका. उंचीवर डोकं दुखलं तर ते उंचीचंच समजा, ॲसिडिटीवर ढकलू नका. त्रास होत असताना आणखी वर चढू नका. वाढला तर दिवस-रात्र न बघता खाली उतरायची तयारी करा. आणि घरात एकच माणूस गाडी चालवणारा असेल, तर दुसऱ्यानंही शिकून घ्या. फक्त लायसन्स कपाटात ठेवण्यासाठी नाही, घाटात चालवण्यासाठी.

पँगाँग राहिलंच आहे. ते कुठे जात नाही. पुढच्या खेपेला जाऊ तेव्हा वहीत पहिला मुक्काम जिस्पा लिहिलेला आहे, दोन रात्रींचा. या वेळी तो यांच्या अक्षरात आहे.